फीचा आकडा पाहून कॉलेज खोडू नको

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

बारावीच्या अभ्यासात मी लुडबुड करत नाही. हे पत्र कागदांचं आहे. चांगले मार्क असूनही कागदापायी अडलेल्या मुली आपल्या तालुक्यात कमी नाहीत, आणि तुझं तसं होऊ नये एवढीच माझी धडपड आहे.

नागपूरच्या कॉलेजची फी लाखाच्या वर आहे म्हणून ते यादीतून काढते, असं तू म्हणालीस. काढू नको. माहितीपुस्तिकेत छापलेली फी तुला भरायची नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी मुलींचं घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित खासगी कॉलेजातही आहे; अभिमत आणि खासगी विद्यापीठांत मात्र नाही. अट एकच, पण ती पक्की: प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झाला पाहिजे. सीईटीनंतर कॉलेजांच्या एजंटांचे फोन येतील. "फक्त मूळ टीसी आणून द्या, बाकी आम्ही पाहतो" असं गोड बोलतील. मॅनेजमेंट कोट्यातली, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती सीट घेतली की माफी गेली. मूळ टीसी कोणाच्याही हातात द्यायची नाही.

आता सगळ्यात जड कागद, जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. जातीचा दाखला आहे म्हणजे झालं, असं बरेच जण समजतात. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, वडिलांकडच्या रक्तातल्या नातेवाइकाचा पुरावा लागतो. आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकले तिथून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढायचा. तिथे नाव सापडलं नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल पंजीची, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यासोबत कॉलेजचं पत्र, वंशावळीचं शपथपत्र, बाबांची आणि तुझी टीसी, आणि मग फाइल यवतमाळच्या समितीकडे. काका किंवा चुलतभावाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत नक्की जोड, काम पुष्कळ हलकं होतं. माझ्या माहेरचा एकही कागद इथे चालत नाही.

अडतं कुठं? नावात. आजोबांचं नाव एका कागदावर 'नामदेव' आणि दुसऱ्यावर 'नामा', आडनाव कुठं आहे, कुठं नाही. समिती त्रुटी काढते, पत्र जुन्या पत्त्यावर जातं, कोणी पाहत नाही, आणि फाइल तशीच पडून राहते. म्हणून नावातल्या फरकाचं शपथपत्र आधीच जोडायचं आणि अर्जाची स्थिती दर आठवड्याला पाहायची. वैधतेसाठी सरकार कधीकधी मुदतवाढ देतं, पण तिच्या भरवशावर सीट ठेवू नये. फाइल दिवाळीच्या सुट्टीतच आत गेली पाहिजे. जूनमध्ये सगळा जिल्हा त्याच खिडकीशी उभा असतो.

नॉन क्रिमी लेअर दाखल्यावरची वैधतेची ओळ नीट वाच. ज्या वर्षी प्रवेश, त्याच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत तो चालू असावा लागतो. अकरावीत काढलेला आहे म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं ऐन वेळी ओबीसीतून खुल्या यादीत जातात. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये नवा काढू, तलाठ्याच्या अहवालाचं बाबा पाहतील.

कॅपमध्ये कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरताना "हे मिळणार नाही" म्हणून वरचं कॉलेज सोडायचं नाही. क्रम आवडीचाच ठेव, कारण पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो पक्का होतो, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून पहिल्या जागी तेच टाक जे मिळाल्यावर तुला खरंच हवं असेल. टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या राखीव जागांचे वेगळे कोड दिसतील. तुझं शुल्क आधीच माफ आहे, तिथली मेरिट बहुतेक वर चढलेली असते, आणि शाखाही बदलता येत नाही. ते तुझ्यासाठी नाहीत.

खरा खर्च राहण्या-खाण्याचा आहे, आणि इतर शुल्कांचा. आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज. तिथे नंबर लागला नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना: नागपुरात वर्षाला 60,000 रुपये, त्यात भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. अमरावतीला 51,000. बारावीला 60 टक्के लागतात आणि जिल्ह्याला जागा ठरलेल्या आहेत. पैसे हप्त्यांनी येतात, तेही उशिरा, म्हणून पहिल्या सहा महिन्यांचे मेसचे पैसे आम्ही कापसाच्या पैशातून बाजूला ठेवतो आहोत. त्याची काळजी तू करू नको.

महाडीबीटीचं, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं खातं स्वतःच्या मोबाइल नंबरावर उघड, नेट कॅफेवाल्याच्या नाही. पासवर्ड वहीत लिहून ठेव. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर गेला की वर्षभर मागे फिरावं लागतं. शिष्यवृत्ती आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. त्यामुळे मधेच दुसऱ्या बँकेत खातं काढून तिथे आधार जोडू नको. अर्ज भरला की काम संपत नाही. तो कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेला का हे विचारत राहायचं. क्लार्क त्रुटी लावून परत पाठवतो आणि मुलांना कळत नाही.

एवढं करूनही कमी पडलं तर बँकेचं कर्ज घेऊ. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. शेत गहाण टाकायचा विषय तू मनातही आणू नको.

दिवाळीला येताना दहावीची मूळ गुणपत्रिका आण. आधारवरचं तुझं नाव तिच्याशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते पाहायचंय. आणि आत्याकडे विचार, आजोबा चौथीपर्यंत कोणत्या गावच्या शाळेत होते. तिला आठवत असेल.

तुझी,
आई