रक्त थांबलं, पुढे काय?

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

लष्करी वैद्यकीय संशोधनाचा गट आता तुझ्या हाती येतो आहे, आणि जगात कुठे काय नवं निघतंय यावर नजर ठेवण्याचं कामही. ही दोन्ही कामं करणारी माणसं एकाच टेबलाशी बसव. टेहळणी करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा झाला, की नुसत्या जाड फायली तयार होतात.

रक्तस्राव रोखणाऱ्या साधनांचा इतिहास बारकाईने वाच. 2002 नंतर अमेरिकी सैन्यात झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे दाणे आले. ते रक्तातलं पाणी शोषतात, म्हणून गोठवणारे घटक दाट होतात. पण शोषताना उष्णता सुटते, आणि जखमेभोवती भाजल्याच्या नोंदी झाल्या. मग स्मेक्टाइट मातीची भुकटी, वूंडस्टॅट, आली. डुकराच्या जांघेतल्या धमनीला 6 मिमीचं छिद्र पाडायचं, 45 सेकंद रक्त वाहू द्यायचं, मग साधन भरून दाबायचं, अशा चाचणीत ती आघाडीवर होती. सॅन अँटोनिओच्या लष्करी शल्यसंशोधन संस्थेने त्यापुढचं तपासलं: रक्त थांबल्यावर भुकटी जाते कुठे? धुऊन, शिवून दुरुस्त केलेल्या रक्तवाहिन्यांत कण उरले होते आणि गुठळ्या झाल्या होत्या. 2009 मध्ये तिची शिफारस मागे घेतली गेली. टिकली ती केओलिन ही पांढरी माती लावलेली गॉझ. रक्त जिथून येतंय तिथे, जखमेच्या तळाशी ती कोंबायची आणि किमान 3 मिनिटं दाबून धरायची. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती अखंड ओढून काढता येते, हा तिचा मोठा गुण.

म्हणून प्रत्येक नव्या दाव्यावर शल्यचिकित्सकाचं मत पहिल्याच आठवड्यात घे, शेवटी नको.

पेटंट बहुधा अर्जानंतर 18 महिन्यांनी खुलं होतं, म्हणजे ते दीड वर्षापूर्वीचं चित्र असतं. ताजी चाहूल निविदा आणि नोकरभरतीच्या जाहिरातींतून लागते. शोधनिबंध हाती आला की चाचण्यांच्या नोंदवहीत, आपल्याकडे सीटीआरआयवर, आधी जाहीर केलेला मुख्य निकष बघ. निबंधात तो बदलला असेल तर कारण शोध.

लडाखसाठीचं काही असेल तर आणखी जप. लष्कराच्या वेळापत्रकात 9,000 ते 12,000 फुटांवर 6 दिवस, 15,000 पर्यंत आणखी 4 आणि त्यावर आणखी 4 दिवस विरळ हवेला सरावण्याचे असतात. विमानाने लेहला नेऊन दुसऱ्याच दिवशी घेतलेली मोजमापं आणि सरावलेल्या जवानांची मोजमापं एका तक्त्यात घालू नकोस. तिथे नव्याने आलेल्या धडधाकट माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाणही 90 टक्क्यांखाली जाऊ शकतं, त्यामुळे मैदानी भागासाठी जुळवलेला ऑक्सिमीटर उगाच धोक्याची घंटा वाजवतो. शिवाय थंडीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडीचा संकेत क्षीण होतो आणि आकडा बेभरवशाचा होतो. बोट गरम करून पुन्हा मोजायला लाव. दोन्ही आकडे लिहून ठेवायचे.

आणि कुठल्याही पट्टीचा नमुना आला की कागदपत्रांआधी ते पाकीट जाड हातमोजे घालून, अंधारात, एका हाताने उघडून बघायला सांग. फाडण्याची खाच सापडत नसेल तर नमुना त्याच दिवशी परत पाठव.

तुझे,
बाबा