मनोरुग्णालयांचे जुने दप्तर नष्ट करू नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

जुनी मनोरुग्णालये बंद होतात, इमारती पाडल्या जातात आणि आतल्या कागदांचे काय करायचे हा प्रश्न खात्यापुढे येतो. त्या फायलींवर ‘नष्ट करावे’ असा शेरा मारण्याआधी कृपया हे वाचावे.

तिथे कोंडलेला प्रत्येक माणूस आजारी होताच असे नाही. १८६० साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एलिझाबेथ पॅकार्ड यांना नवऱ्याने वेड्यांच्या इस्पितळात टाकले. धर्माविषयीची त्यांची मते त्याला पटत नव्हती, एवढेच. तिथल्या कायद्याने बायकोला दाखल करायला नवऱ्याचा शब्द आणि अधीक्षकाची संमती पुरत होती. त्या तीन वर्षे आत होत्या. १८८७ मध्ये नेली ब्लाय या पत्रकार तरुणीने वेडाचे सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या अशाच इस्पितळात दहा दिवस काढले. गारढोण पाण्याची अंघोळ, नासके अन्न, परिचारिकांची मारहाण. आतल्या बायकांना हे रोजचेच होते, पण त्यांचे ऐकणार कोण? तक्रार केली की तीही आजारातच जमा. मला सर्वांत भयंकर वाटते ते हे.

पुढे १९४६ पासून वॉल्टर फ्रीमन हे अमेरिकन डॉक्टर रुग्णांच्या डोळ्याच्या खोबणीतून टोकदार हत्यार घालून मेंदूतले धागे तोडू लागले. आणि मेंदूवरच्या अशा शस्त्रक्रियेचे जनक एगास मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल मिळाले!

मेल्यावरही सुटका नव्हती. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या मिलेजव्हिलच्या रुग्णालयाच्या आवारात सुमारे २५,००० रुग्ण पुरले आहेत. थडग्यांवर नावे नव्हती, लोखंडी खुंट्यांवर नुसते आकडे होते. गवत कापायला अडचण होते म्हणून पुढे त्यातल्या कितीतरी खुंट्याही उपटल्या. ऑरेगनच्या सरकारी रुग्णालयात २००४ साली तांब्याच्या डब्यांत सुमारे ३,५०० जणांची रक्षा सापडली. तिथे मात्र नोंदी शिल्लक होत्या. नावे जाहीर झाली, नातेवाईक पुढे आले आणि अनेक डबे आपापल्या घरी गेले.

गोपनीयतेचा मुद्दा निघेल. हयात रुग्णांपुरता तो रास्तच आहे. पण शंभर वर्षांपूर्वी आत वारलेल्या बाईच्या पणतीपासून कागद लपवून कोणाची अब्रू राखायची?

म्हणून विनंती: दाखल-नोंदवह्या, केसपेपर आणि रुग्णांची अडवून ठेवलेली पत्रे अभिलेखागारात जमा करावीत, वारसांना ती पाहू द्यावीत आणि जिथे नोंद जुळेल त्या थडग्यावर नाव लावावे. तसे परिपत्रक निघेपर्यंत एकही गठ्ठा रद्दीत जाऊ देऊ नये.

कळावे,
एक नागरिक