कशेडी घाटातल्या त्या सगळ्यांचे मनापासून आभार

गणपतीला खेडला येताना कशेडी घाटात दगड लागून आमच्या गाडीची ऑइल चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) फुटली. समोरून आलेल्या ट्रकवाल्या दादांनी रस्त्यावरचं ऑइल पाहूनच ओरडून सांगितलं, "इंजिन बंद करा, परत सेल मारू नका!" त्यामुळेच इंजिनचा ब्लॉक (मुख्य सांगाडा) वाचला. त्यांनीच टोचन करून पोलादपूरला नेलं. इंजिन बंद, म्हणून ब्रेक जड. तेही अगदी सावकाश चालवत होते.

तिथल्या मिस्त्रींनी चेंबर उतरवून उरलेलं ऑइल तळहातावर घेतलं, उन्हात धरलं आणि त्यातला चमकणारा चुरा दाखवला. म्हणजे इंजिनातली बेअरिंगं घासली होती. सरळ इंजिन बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतात हो! यांनी क्रँक (बेअरिंगांत फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) लेथवर पाठवून ०.२५ मिलिमीटर ग्राइंड करून घेतला, त्या मापाची बेअरिंगं बसवली. ऑइल पंपाची जाळीही धुतली, नाहीतर त्यात अडकलेल्या चुऱ्याने नवी बेअरिंगंही गेली असती. लेथवाल्या काकांनी ऐन सणात मशीन चालू केलं. आईला घरात नेऊन जेवू घालणाऱ्या ताईंना तर काय म्हणू!

नावं कुणीच सांगितली नाहीत. गाडी आता उत्तम चालते आहे. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.