घड्याळांच्या नादाबद्दल मित्राला पत्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘घड्याळं जमवणं हा पैसेवाल्यांचा नाद, आपल्याला कुठला परवडायला’ असं लिहून तू मोकळा झालास. पण मला हे मुळीच पटलेलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे स्वस्त डिजिटल घड्याळच घे. १९८९ पासून जवळजवळ जसंच्या तसं बनतंय, हातात घातलंय हे विसरायला होतं इतकं हलकं, आणि बॅटरी सात वर्षं तरी बघायला नको. उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. आत क्वार्ट्झ या स्फटिकाचा इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका! सेइकोनं २५ डिसेंबर १९६९ ला पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, ॲस्ट्रॉन, विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत एका छोट्या मोटारीएवढी होती. तीच करामत आज सगळ्यात स्वस्त घड्याळात मिळते. आता सांग, पैसेवाल्यांचं काय राहिलं यात?

चावीचं किंवा ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं, हवं असेल तर पाठीमागे काच असलेलं बघ. बॅलन्स व्हील, म्हणजे ठोके देणारं चाक, इकडून तिकडे डोलतं, त्याला जोडलेली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होते. ताशी २१,६०० ठोक्यांचं मशीन असेल तर सेकंदकाटा सेकंदाला सहा बारीक पावलं टाकतो. दिवसाला काही सेकंद मागेपुढे होणारच, त्याला नावं ठेवू नकोस. तारीख मात्र रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान बदलू नकोस. तेव्हा तारखेची चक्रं आधीच एकमेकांत गुंतलेली असतात, दाते तुटू शकतात.

जुन्या घड्याळांच्या वाटेला जाणार असशील तर आधी डायल भिंगाखाली धर. अक्षरांच्या कडा फुगलेल्या, मिनिटांच्या रेघा वाकड्या दिसल्या की ती नव्यानं रंगवलेली समज. काचेवरच्या ओरखड्यांना घाबरू नकोस. ॲक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची काच पॉलिश लावून घासली की उजळते, खनिज काचेचं तसं नाही. आणि ‘३० मीटर’ लिहिलंय म्हणून पोहायला उतरू नकोस, ते फक्त शिंतोड्यांपुरतं.

पुढे भाव वाढेल म्हणून घेणाऱ्यांशी माझं जमत नाही. नामांकित कंपन्यांच्या नकला तर फुकट दिल्या तरी नकोत. त्यापेक्षा एकच घड्याळ ठेवून पट्टे बदलत राहा. घड्याळाला पट्टा जिथे अडकतो त्या दोन कानांमधलं अंतर तेवढं मोज, बहुधा १८ किंवा २० मिलिमीटर भरेल. काळ्या चामड्याऐवजी कापडी पट्टा चढवला की तेच घड्याळ ओळखू येत नाही.

तुझ्या मनगटाचा घेर मोजून कळव. बारीक असेल तर ३६ मिलिमीटरच्या आसपास व्यासाचं सुचवतो, उगाच थाळी बांधल्यासारखं नको. आणि घरात कुणाचं बंद पडलेलं घड्याळ असेल तर विकत घेण्याआधी ते शोध. नुसतं तेल सुकलेलं असलं, तर सर्व्हिसिंगनंतर चालू होईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल