सर, मैदानातून उतरायचं कसं हे शिकवलंत

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

खो द्यायला, खांबावर सूर मारायला शिकवणारे बडोद्यात पुष्कळ आहेत. कॉलेज संपून नोकरी लागल्यावर मैदानातून उतरायचं कसं, हे तुम्ही शिकवलंत. त्यासाठी संघातल्या सगळ्या जुन्या खेळाडूंकडून हे पत्र.

‘सराव एकदम तोडू नका’, हे तुमचं पहिलं सांगणं. सहा दिवस दोन-दोन तास धावणारं शरीर अचानक खुर्चीत बसवलं की झोप उडते, चिडचिड वाढते आणि मुलांना वाटतं, आपल्याला नोकरीच झेपत नाही. म्हणून तुमचा १२ आठवड्यांचा तक्ता: चार आठवडे पाच दिवस दीड तास, मग चार आठवडे चार दिवस एक तास, शेवटी तीन दिवस ५० मिनिटं. आठवड्याची ही १५० मिनिटं पुढे कायमची. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना किमान तेवढीच सांगते. जोर-बैठका दोन दिवस, वेगळ्या.

भूक मात्र लवकर उतरत नाही. आधी सरावानंतरचं दूध-केळं बंद, मग एकेक पोळी कमी, डाळ-उसळ तशीच.

सगळ्यात मोलाची ती वही. खो-खोत ९ मिनिटांची पाळी संपली की किती गडी बाद झाले ते लगेच कळतं. मकरपुऱ्याच्या कारखान्यातली आठ तासांची पाळी संपल्यावर काहीच कळत नाही, मन तिथेच खचतं. रोज दोनच ओळी लिहायच्या: आज कोणतं काम पुरं झालं, आणि झोप किती तास झाली. रात्रपाळीच्या आठवड्यात धावणं नाही. घरी येऊन खोलीत अंधार करून आधी झोप, पाळीच्या उत्तरार्धात चहा नाही.

गुडघ्यामुळे खेळ सुटलेल्यांना तक्ता पाळता येत नाही, आणि एकटे पडतात तेच. त्यांनाही तुम्ही रविवारी कमाटीबागेत बोलावता, गुण लिहायला बसवता. हे फार कमी प्रशिक्षकांना सुचतं.

वहीत सलग दोन आठवडे उदासी, उडालेली झोप, सामना बघण्यातही रस नाही, असं दिसलं तर वाट बघत बसायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. नाहीतर सरळ सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. हा नंबर तुम्ही प्रत्येकाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर स्वतः लिहून दिलात.

एक विनंती. यंदा मुलींच्या संघाला तक्ता परीक्षेआधीच द्या. निकालापर्यंत निम्म्या जणी गावी गेलेल्या असतात.

आपले,
जुने खेळाडू