मनू, बकल लावताना फोन उचलू नको

मनू,

दिल्लीहून "पोचले" एवढाच मेसेज आला, पुढे काही नाही, म्हणजे राग आहे अजून. असू दे. पहाटे साडेचारला तू टॅक्सीत बसली तेव्हा मी जागाच होतो, आंघोळ करून राहिलो असं दाखवायला बाथरूममधे नळ सोडून नुसता उभा होतो. मग टाकी रिकामी झाली, मे महिन्यात, आणि तुझी आई दिवसभर मला बोलून राहिली. बरोबरच आहे तिचं.

फोनवर सांगितलं असतं पण फोनवर माझा आवाज चढतो. म्हणून टाइप करून राहिलो, एका बोटानं, कूलरसमोर बसून. चुका काढू नको.

परवा संध्याकाळी झोपाळा काढून त्या कड्यांना तू पॅराग्लायडिंगचं ते हार्नेस, ती पट्ट्यांची खुर्ची, टांगलं तेव्हा खरं सांगतो मला लय गंमत वाटली होती. मलाही बसवलं होतं ना तू त्यात, आई फोटो काढत होती, मी म्हटलं आपल्या सोफ्यापेक्षा हे बरं. दोन पायांचे दोन पट्टे, एक छातीचा, तीन वेळा टक टक टक. मग तू बसली, उजव्या पायाचं बकल लावलं आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला, त्या ग्रुपवाल्या पोरीचा, इन्शुरन्सचं काहीतरी. तू उचलला, बोलली, हसली, ठेवला, आणि थेट छातीचं लावून मागे रेलून मोकळी झाली. डावा पट्टा खाली लोंबत होता. त्याच्यावरचं लाल टोक हलत होतं. तुला दिसलं नाही, मला दिसलं.

आणि मग मी जे काही बोललो ते बोललो. "कुठंही जायचं नाही" हे बोलायला नको होतं, तिशीच्या पोरीला असं बोलतात का, स्वतःच्या पैशानं जाते आहे, कामशेतला रीतसर शिकली, मागच्या ऑक्टोबरात हिमाचलातल्या बीरला उडून आली. सुभाषकाकासमोर तर नकोच होतं. पण मी घाबरलो कशानं ते तुला कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तू म्हणाली, "बाबा, हॉल आहे हा, डोंगर नाही." अगं डोंगरावर सवयच कामाला येते ना, हॉलमधली.

आता सांगतो ते तुझ्या आईलाही माहीत नाही.

मी काटोलकडे विजेच्या लाईनवर लाईनमन होतो तेव्हा खांबावरून पडलो होतो, तू सिनियर केजीत होती. प्लास्टरवर टकटक करून विचारायची, आत कोण आहे. सगळ्यांना मी सांगितलं की पावसानं खांब निसरडा झाला होता. झाला होता, पण म्हणून नाही पडलो. खांब आठ मीटरचा असतो, त्यातला दीड जमिनीत, मी पाच मीटरवर असेन. शटडाऊन घेतलेला होता, म्हणजे लाईन बंद होती. बेल्ट खांबाभोवती फिरवला, हुक हातात धरला, आणि खालून हेल्परनं हाक मारली, जंपरची, म्हणजे जोडाची, तार किती कापू म्हणून. मी खाली पाहून त्याला सांगितलं, एवढी काप. आणि डोक्यात असं बसलं की हुक लागला. लाईनमनला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून तो बेल्टवर मागे रेलतो. मी रेललो. मागे काहीच नव्हतं.

नांगरलेलं वावर होतं म्हणून टाचेवर निभावलं. रिपोर्टमधे निसरडा खांबच लिहिला. एवढी वर्षं थंडीत ती टाच दुखली की तुझी आई त्या पावसाला शिव्या देते आणि मी गप्प बसतो.

तर ते रेलणं तू परवा केलं. डिट्टो तसंच. म्हणून ओरडलो.

तुझ्या पॅराग्लायडिंगचं मी वाचत बसतो हल्ली, हसू नको. फ्रान्समधल्या त्या गावाला तू आन्सी म्हणते आणि मी ॲनेसी वाचतो, स्पेलिंगमधे मधे ई टाकून कोणी उच्चार करत नसेल तर ती टाकायची कशाला देव जाणे. कोल द ला फोर्क्लाझवरून उडायचं, तळ्याकडे, आणि दूसारला उतरायचं, बरोबर? तळं साडेचारशे मीटरवर आणि उडायची जागा बाराशेच्या वर, म्हणजे तुझ्या पायाखाली साडेसातशे-आठशे मीटर. माझ्या पायाखाली पाच होते. ते म्योसी गावही त्याच भागात आहे म्हणे, १९७८ मधे तिघांनी विमानाचा खर्च वाचवायला पॅराशूट घेऊन डोंगराच्या उतारावरून पळत उडी घेतली आणि तिथून हा सगळा खेळ सुरू झाला. म्हणजे काटकसरीतून निघालेलं काम आहे, हे मला आवडलं. तुझं बिल पाहिल्यावर मात्र काटकसर कुठं दिसली नाही.

थर्मल पण समजलं मला. आपल्या गल्लीच्या टोकाला त्या गोडाऊनचे टिन तापतात आणि दुपारी घार पंख न हलवता त्याच्यावर गोल गोल वर चढते, तेच ना? पण तेच गरम वारं दुपारी उसळतं, तुमचा तो कापडी पंख एका बाजूनं मिटतो, डोंगराच्या आडोशाच्या बाजूला वारं भोवऱ्यासारखं फिरतं. म्हणून दुपारच्या जोराच्या हवेत उडू नको, गाईड नाही म्हणाला तर नाही, बाकीचे उडाले तरी नाही. रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी उघडून पुन्हा पॅक केलं होतं? पाणी पित जा. पासपोर्ट सगळ्यांचे एकाच बॅगमधे ठेवू नका. आणि ग्रुपमधे एकमेकांचं चेक करतो म्हणाली, ते ठीक आहे, पण दहा जण चेक करतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केलं असेल. हे लाईनवर शिकलो मी.

झालं, पुन्हा सुरू झालो. सॉरी. तुझ्या आईनं तीन वेळा विचारलं एवढं काय लिहून राहिले, मी म्हटलं सोसायटीचं पत्र आहे.

एक सांगू का, बीरचा तो व्हिडिओ तू पाठवला होता, त्यात तू पळते, पाच-सहा पावलं, आणि मग पाय हवेत चालतच राहतात थोडा वेळ. तो मी बँकेत रांगेत उभा राहून मागच्या माणसाला दाखवला. अनोळखी होता बिचारा. म्हटलं पोरगी आहे माझी. तो म्हणाला, भीती नाही वाटत? मी म्हटलं तिला नाही वाटत.

मनू, एवढंच कर. बकल लावताना मधे कोणी हाक मारली, फोन वाजला, कोणी फोटोसाठी इकडे पाहा म्हटलं, तर जे लावलं तेही सोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्यातून पुढे नाही जायचं. डावा, उजवा, छाती, हात लावून, तोंडानं म्हणून. लोक हसले तर हसू दे.

आणि मी हिशोब केला, तिथले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे दीड. तुम्ही उडायच्या तयारीत असाल तेव्हा आपलं जेवण झालेलं असतं आणि तुझी आई पहिला फोन तुलाच लावते, हे मला माहीत आहे. तर या आठ दिवसांत दुपारी बारा ते रात्री आठ आमच्याकडून फोन येणार नाही. तिचा फोन मी चार्जिंगला लावून वर ठेवणार आहे, कपाटावर. माझाही. उतरली की तू मेसेज टाक, एक अंगठा टाकला तरी चालेल.

झोपाळा मी परत टांगला नाही. तुझी दोरी आणि ती एक हिरवी कडी अजून वरच आहे, स्टुलावर चढून काढू म्हटलं तर आई नको म्हणाली, ती खाली बसून भाजी निवडून राहिली. तू आली की काढ.

बाबा