सहसा म्हणजे कधी?

ताई, सप्रेम नमस्कार.

आपला पॅच (कोडमधला बदल) मर्ज झाला. ‘आपला’ म्हणतोय, पण लेखक म्हणून नाव लागलं माझं, आणि तुमचं खाली ‘रिव्ह्यूड-बाय’च्या (तपासणाऱ्याच्या) एका ओळीत. लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, रीतच ती. त्या ओळीमागे पाच व्हर्जन आहेत हे मात्र बाहेर कुणाला कळत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

पहिलं व्हर्जन तुम्ही चक्क छापून घेतलं होतंत. आपल्या पुण्याच्या ऑफिसात प्रिंटरला कुणी हात लावत नाही. कागद अडकला, तुम्ही तो ओढून काढलात आणि हिरव्या पेनाने एकाच ओळीला गोल केलात. ‘रिटर्न मायनस ईनोमेम’, म्हणजे ‘मेमरी नाही’ असं सांगून फंक्शनमधून बाहेर पडणं. लूपमध्ये मी एकेक करून मेमरीची ६४ पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) मागत होतो. एकेचाळिसावं मिळालं नाही तर आधीची ४० कोण परत करणार? ४ केबीचं एक पान, म्हणजे १६० केबी गळाले, तेही नेमकी मेमरी संपत आलेली असताना. मी म्हटलं, एका पानाला कर्नल सहसा नकार देत नाही. तुम्ही विचारलंत, "सहसा म्हणजे कधी?" आणि मग सांगितलंत की ओओएम किलरने, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारून जागा मोकळी करणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेने, जिचा बळी घ्यायचा ठरवलाय, त्या प्रोसेसला नकार मिळू शकतो.

माझ्या ३२ जीबीच्या मशीनवर तो नकार उभ्या जन्मात आला नसता. तुम्ही फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम नकार घडवून आणणारी सोय) चालू करायला लावलंत, आणि त्यातली मेखही आधीच सांगितलीत: मूळ सेटिंगवर ते सुट्या एका पानाची मागणी सोडून देतं, वाट बघू शकणारी मागणीही सोडून देतं. म्हणून ‘मिन-ऑर्डर’ ही सेटिंग शून्यावर आणायची, ‘इग्नोर-जीएफपी-वेट’ बंद करायचं. हे माहीत नसतं तर मी रात्रभर टेस्ट चालवून सकाळी "सगळं पास" म्हणत आलो असतो.

दुसरी चूक सांगायलाही लाज वाटते. स्पिनलॉक (हे कुलूप सुटेपर्यंत बाकीचे जागेवरच घिरट्या घालत राहतात) धरून मी जीएफपी कर्नल या नेहमीच्या मागणीने मेमरी मागत होतो. ती मागणी झोपू शकते, म्हणजे मेमरी मिळेपर्यंत थांबू शकते, आणि स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं. हे पकडणारी तपासणी माझ्या कॉन्फिगमध्ये बंदच होती! पुढच्या व्हर्जनमध्ये मी पळवाट काढली, तिच्या जागी न झोपणारं जीएफपी अ‍ॅटॉमिक केलं. तुमचा शेरा दोन शब्दांचा: "राखीव साठा?" खरंच, अडीअडचणीला ठेवलेल्या पानांवर मी डल्ला मारायला निघालो होतो. मग तुम्ही मेमरी डॉट सी ही कर्नलची फाइल उघडून पेज टेबलचं (मेमरीचे पत्ते जुळवणाऱ्या तक्त्याचं) पान कसं जोडतात ते दाखवलंत. पान आधी लॉकबाहेर घ्यायचं, मग लॉक घेऊन बघायचं की मधल्या वेळात दुसऱ्या कुणी काम उरकलंय का. उरकलं असेल तर आपलं पान गुपचूप परत. इवलंसं फंक्शन. मी ते आधी कितीदा वाचलं होतं, शेवटची ती परत करण्याची ओळ कधी दिसलीच नव्हती.

चौथ्या व्हर्जनला मी वैतागलो होतो, तुम्हाला कळलं असणारच. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुम्ही ‘डर्टी काऊ’ या कर्नलमधल्या गाजलेल्या बगची गोष्ट सांगितलीत. कॉपी-ऑन-राइटमधली (लिहायची वेळ आल्यावरच पानाची प्रत काढण्यातली) रेस, म्हणजे दोन कामांची नको त्या क्रमाने गाठ पडणं, २०१६ मध्ये दुरुस्त झालेली. आणि दुरुस्तीच्या नोंदीत लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्सनी स्वतःच लिहिलंय की हा बग मी अकरा वर्षांपूर्वी एकदा, वाईट तऱ्हेने, दुरुस्त करून पाहिला होता. मला जरा बरं वाटायला लागलं तोच तुम्ही कप बाजूला सारून पुन्हा माझ्या लॉकवर आलात.

तिसऱ्या व्हर्जनवरचा तुमचा एक प्रश्न मी टोलवला होता, आणि तुम्ही तो "वेगळ्या पॅचमध्ये बघ" म्हणून सोडलात. ही पानं युजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममधून) हवी तितकी मागवता येतात, मग त्यांचा हिशेब सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाला मेमरीची मर्यादा घालणाऱ्या सोयीच्या) खात्यावर का नाही? काल कंटेनरला, म्हणजे अशाच एका गटाला, मर्यादा घालून चालवून पाहिलं. मर्यादा उलटून गेली तरी पानं मिळतच राहिली. त्या खात्यावर मांडणारं जीएफपी कर्नल अकाउंट हवं होतं. एका शब्दाचा बदल आहे, संध्याकाळी पाठवतो. प्रिंटरमध्ये कागद भरून ठेवलाय.